इम्फाळ–कोहिमा १९४४: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१९४४ च्या मार्च ते जुलै या काळात जपानी सैन्य ब्रह्मदेशातून मणिपूर आणि नागा टेकड्यांवर चालून आलं. या मोहिमेबद्दल मराठीत बरंच छापून येतं: दिवाळी अंकांत, पंधरा ऑगस्टच्या पुरवण्यांत, व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या लांबलचक मजकुरांत. त्यातलं बरंचसं एकाच बाजूचं असतं आणि गंमत म्हणजे ही बाजू दर वेळी वेगळी असते. इंग्रजी पुस्तकांवरून लिहिणाऱ्याला जपानी सैनिक म्हणजे रात्री किंचाळत टेकडी चढणारी झुंड वाटते. नेताजींवर लिहिणाऱ्याच्या लेखात जपानी जवळजवळ दिसतच नाहीत. आणि जपानी आठवणींवरून लिहिलं की सगळेच उपाशी, बिचारे. या विषयावर लिहिणाऱ्या आणि वाचणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे आहेत.

ही मोहीम नेमकी कोणती? थोडक्यात सांगाल का?

लेफ्टनंट जनरल मुतागुची रेन्या यांच्या १५ व्या आर्मीतल्या तीन डिव्हिजननी (१५, ३१ आणि ३३) मार्चमध्ये चिंडविन नदी ओलांडली. ३३ वी दक्षिणेकडून तिद्दीमच्या रस्त्याने आली, १५ वी पूर्वेकडून आणि उत्तरेकडून इम्फाळवर आली, तर ३१ वी थेट कोहिमावर. जपानी सांकेतिक नाव ‘यू-गो’. त्याच्या महिनाभर आधी ब्रह्मदेशाच्या पश्चिम किनाऱ्यावर, आराकानमध्ये, ‘हा-गो’ ही हूल देणारी चढाई झाली होती. समोर जनरल विल्यम स्लिम यांची १४ वी आर्मी होती. तिच्यातले बहुसंख्य सैनिक भारतीय आणि गुरखा होते. कोहिमाचा वेढा एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात सुटला, पण तिथली लढाई जूनपर्यंत चालली. २२ जूनला इम्फाळ–कोहिमा रस्त्यावर १०९ व्या मैलापाशी दोन्हीकडून आलेल्या तुकड्या एकमेकींना भेटल्या आणि रस्ता खुला झाला. जुलैच्या सुरुवातीला जपान्यांनी मोहीम अधिकृतपणे थांबवली.

ही ‘भारतावरची स्वारी’ होती का? जपानी दिल्लीला निघाले होते का?

ज्याला विचाराल त्याप्रमाणे उत्तर बदलतं, म्हणून कागद बघावेत. जानेवारी १९४४ मध्ये टोकियोहून जी मंजुरी मिळाली ती ब्रह्मदेशाच्या बचावासाठी होती: इम्फाळ आणि त्याच्या आसपासचा डोंगराळ मुलूख ताब्यात घ्यायचा आणि तिथे बचावाची फळी उभी करायची. १९४३ मध्ये ब्रिटिश अधिकारी विंगेट यांच्या चिंडिट तुकड्या (शत्रूच्या मागे घुसून छापे घालणाऱ्या) चिंडविन ओलांडून ब्रह्मदेशात घुसल्या, तेव्हा ही नदी आणि हे डोंगर म्हणजे अभेद्य भिंत नाही हे मुतागुचींना कळलं. तोवर ते स्वतः अशा चढाईच्या विरोधात होते.

पण मुतागुचींच्या मनात त्याहून मोठं काहीतरी होतं. आसामात उतरायचं, दिमापूरचं रेल्वेस्टेशन आणि कोठारं घ्यायची, जमलं तर पुढे. जुलै १९३७ मध्ये पेकिंगजवळ मार्को पोलो पुलापाशी जी चकमक झाली आणि जिच्यातून चीनशी युद्ध पेटलं, तिथल्या जपानी रेजिमेंटचे प्रमुख हेच होते. आपण सुरू केलेलं युद्ध आपणच निकाली काढावं, असं त्यांना वाटत होतं, हे त्यांनीच नंतर सांगितलं आहे. सुभाषबाबूंची तर घोषणाच ‘चलो दिल्ली’ होती.

तेव्हा ‘जपान दिल्लीवर चालून येत होता’ हे वाक्य आदेशाच्या पातळीवर चुकीचं आहे, सेनापतीच्या इच्छेच्या पातळीवर अर्धं खरं आहे आणि आझाद हिंद फौजेच्या घोषणेच्या पातळीवर पूर्ण खरं आहे. लेखात यातली कोणती पातळी आहे ते सांगितलं की वाद निम्मा मिटतो. मला विचाराल तर ‘स्वारी’ म्हणायला हरकत नाही, कारण सीमा ओलांडून तीन डिव्हिजन आल्या होत्या. हेतू बचावाचा होता म्हणून मणिपूरच्या माणसाच्या घरावर पडलेला गोळा बचावात्मक ठरत नाही.

मृतांचे आकडे प्रत्येक ठिकाणी वेगळे का दिसतात?

कारण प्रत्येक जण वेगळी गोष्ट मोजतो आणि काय मोजलं ते सांगत नाही.

मोहिमेत उतरलेलं जपानी सैन्य साधारण ८५,००० धरतात. त्यात ५३,००० ते ५५,००० ची हानी झाली असं लिहिलेलं असतं. या आकड्यात मेलेले, जखमी, बेपत्ता आणि आजारी पडून निकामी झालेले सगळे येतात. मराठीत तो उतरताना अनेकदा ‘५५ हजार जपानी ठार’ असा होतो. नुसत्या मृतांचा आकडा काही ठिकाणी १३,००० च्या वर दिसतो, तर जपानमध्ये सर्रास ३०,००० सांगितला जातो. एवढी तफावत पडते कारण बहुसंख्य माणसं गोळीने मेली नाहीत. उपासमार, मलेरिया, आमांश यांनी मेली, आणि तीही माघारीच्या वाटेवर, जिथे नोंद ठेवायला कोणी शुद्धीवर नव्हतं. जपानी सैनिकांनी त्या वाटेला ‘पांढऱ्या हाडांचा रस्ता’ म्हटलं. शरण जाणं हा कलंक मानणाऱ्या त्या सैन्यात बेपत्ता माणूस मृतच धरला जाई, आणि घरी अस्थींची म्हणून आलेली पेटी कित्येकदा रिकामी असे.

ब्रिटिश-भारतीय बाजूचा आकडा साधारण १६,००० ते १७,५०० असा येतो. तोही मृत, जखमी आणि बेपत्ता मिळून आहे. आता एका बाजूचे ‘मृत, जखमी, आजारी’ आणि दुसऱ्या बाजूचे ‘मृत, जखमी’ शेजारी शेजारी मांडले की तुलना आधीच वाकडी झालेली असते. ब्रिटिश-भारतीय सैन्यातही मलेरियाने हजारो माणसं दवाखान्यात होती, पण ती या आकड्यात नाहीत. अर्थात त्यांना तिथून विमानाने हलवता येत होतं. जपान्यांच्या नशिबी तेही नव्हतं.

लिहिताना आकड्यापुढे ‘ठार’ लावायच्या आधी एकदा तपासावं, एवढंच.

कोहिमात दीड हजार सैनिकांनी पंधरा हजार जपान्यांना रोखलं, हे खरं आहे का?

दोन्ही आकडे आपापल्या जागी ठीक आहेत, पण त्यांना समोरासमोर उभं करणं ठीक नाही. कर्नल ह्यू रिचर्ड्‌स यांच्या हाताखाली कोहिमाच्या कड्यावर लढू शकतील अशी माणसं दीड हजारांच्या आसपास होती: रॉयल वेस्ट केंट पलटण, आसाम रेजिमेंटचे थकून-भागून आलेले जवान, आसाम रायफल्स आणि इकडून तिकडून गोळा केलेले. ३१ वी जपानी डिव्हिजन बारा ते पंधरा हजारांची होती. मात्र ती सगळी त्या कड्यावर कधीच तुटून पडली नाही. हल्ल्याचा मुख्य भार मियाझाकी शिगेसाबुरो यांच्या हाताखालच्या ५८ व्या रेजिमेंटवर होता. बाकीच्या तुकड्या बगलांवर आणि रस्ते अडवायला पसरलेल्या होत्या.

आणि एक गोष्ट शौर्यकथांमधून हमखास गळते: जोत्सोमा. कोहिमापासून दोन-तीन मैलांवर १६१ वी भारतीय ब्रिगेड होती. तिच्या पहाडी तोफा वेढ्यातल्या सैनिकांच्या खंदकांपुढे, कधी कधी अगदी काही यार्डांवर, अचूक गोळे टाकत होत्या. त्या तोफांवर बहुतेक भारतीय गोलंदाज होते. ते नसते तर उपायुक्तांच्या बंगल्याच्या टेनिस कोर्टवरची ती प्रसिद्ध झुंज फार दिवस चालली नसती. वेढ्यातल्या माणसांचं धैर्य याने तसूभरही कमी होत नाही.

एकाच घटनेची तारीख जपानी आणि इंग्रजी पुस्तकांत एक दिवसाने वेगळी का असते?

बऱ्याचदा घड्याळामुळे. जपानी सैन्य जिथे जाईल तिथे टोकियोची वेळ पाळत असे. भारतातली घड्याळंही त्या काळी युद्धासाठी एक तास पुढे केलेली होती. त्यामुळे दोन्ही बाजूंच्या घड्याळांत अडीच तासांचं अंतर होतं. कोहिमा आणि इम्फाळचे बहुतेक हल्ले रात्रीचे. भारतीय घड्याळाने रात्री साडेदहाला झालेला हल्ला जपानी रोजनिशीत दुसऱ्या दिवशी पहाटे एकचा असतो. कोणीच खोटं बोलत नाही.

टेकड्यांचंही तसंच. ब्रिटिशांची गॅरिसन हिल, जेल हिल, कुकी पिकेट. जपान्यांनी त्याच टेकड्यांना कुत्रा, माकड, घोडा अशी प्राण्यांची नावं दिली होती. आणि त्या प्रत्येक टेकडीला अंगामी नागांचं आपलं नाव आधीपासून होतंच. ते मात्र कोणाच्याच नकाशावर नव्हतं.

जपानी साधनांवर विश्वास ठेवता येतो का?

ब्रिटिश साधनांवर ठेवता येतो तेवढाच. दोन्हीकडची खोट मात्र वेगवेगळ्या जागी आहे.

ऑगस्ट १९४५ मध्ये शरणागतीच्या सुमारास जपानी सैन्याने ढीगच्या ढीग कागद जाळले. त्यामुळे जपानच्या संरक्षण खात्याने १९६६ ते १९८० मध्ये १०२ खंडांचा जो अधिकृत इतिहास काढला, त्याला उरलेल्या कागदांबरोबर अधिकाऱ्यांच्या आठवणींवर फार विसंबावं लागलं. लिहिणारेही बहुतेक पूर्वीचे लष्करी अधिकारीच. त्यामुळे त्या खंडांत कोणती तुकडी कुठे होती हे बारकाईने मिळतं, पण साधा शिपाई किंवा ज्याच्या गावात युद्ध झालं तो माणूस मिळत नाही.

आठवणींचं एक उदाहरण देतो. ६ जून १९४४ च्या सुमारास बर्मा एरिया आर्मीचे प्रमुख कावाबे मासाकाझू मुतागुचींना भेटायला आले. मोहीम फसल्याचं दोघांनाही ठाऊक होतं. मुतागुचींनी युद्धानंतर सांगितलं की ‘आता थांबवावं’ हे शब्द ओठांवर आले, पण बाहेर पडले नाहीत. कावाबेंनी चेहऱ्यावरून ओळखावं अशी त्यांची अपेक्षा होती. दोघं न बोलताच उठले आणि मोहीम आणखी महिनाभर चालू राहिली. हा प्रसंग जवळजवळ प्रत्येक पुस्तकात असतो. पण तो हरलेल्या सेनापतीने स्वतःबद्दल नंतर सांगितलेला आहे, आणि त्यात त्याच्या वाट्याला थोडी करुणा येईल अशी सोय आहे, हे क्वचितच कोणी लिहितं. प्रसंग जरूर सांगावा. ‘मुतागुचींच्या म्हणण्याप्रमाणे’ एवढं जोडावं.

उलट वजनाचा पुरावा म्हणजे त्यांच्याच मुख्यालयात काम केलेल्या सैतो नावाच्या तरुण सेकंड लेफ्टनंटची टिपणं. अमुक जागा घ्यायला ‘पाच हजार मारले की होईल’ असं वरिष्ठ बोलत, आणि ते पाच हजार शत्रूचे नसून आपलेच आहेत हे त्याला ऐकता ऐकता कळलं. जपानच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीने २०१७ मध्ये ती लोकांपुढे आणली. घटना घडत असतानाच लिहिलेलं आणि लिहिणाऱ्याला स्वतःचा काही बचाव करायचा नसलेलं टिपण सेनापतीच्या आठवणीपेक्षा वजनदार, असं मी मानतो.

हयात असलेली जपानी लष्करी कागदपत्रं टोकियोच्या आशियाई ऐतिहासिक नोंदी केंद्राने २००१ पासून इंटरनेटवर फुकट ठेवली आहेत. भाषा येत नसली तरी नकाशे बघता येतात.

सातो कोतोकु: नालायक, गद्दार की तारणहार?

या प्रश्नावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण तटस्थता म्हणजे काय हे या एका माणसापाशी नीट दिसतं.

सातो हे ३१ व्या डिव्हिजनचे प्रमुख. निघण्याआधीच त्यांनी रसदीचं काय, असं विचारलं होतं. मुतागुचींचा हिशेब तीन आठवड्यांचा होता: माणसांनी अंगावर न्यायचं तेवढं न्यायचं, बरोबर गुरांचे कळप हाकायचे, ते ओझंही वाहतील आणि वेळ आली की खाताही येतील, आणि मग इम्फाळची ब्रिटिश कोठारं आहेतच. मलाया आणि ब्रह्मदेशात १९४२ मध्ये हे जमलं होतं. इथे गुरं चिंडविनमध्ये वाहून गेली, डोंगरात कोसळली, आणि कोठारं हाती लागलीच नाहीत. सातोंनी तारेमागून तार पाठवली. धान्य आलं नाही. मेअखेरीस त्यांनी कळवलं की आपण डिव्हिजन मागे घेत आहोत, आणि आदेश नसताना ती मागे घेतली. जपानी सैन्यात डिव्हिजनच्या प्रमुखाने असं करणं जवळजवळ अकल्पनीय होतं.

आता तिघांचं ऐका. स्लिम यांनी सातोंना कल्पनाशून्य म्हटलं आहे: कोहिमाला बगल देऊन दिमापूरवर चालून गेले असते तर आपली पंचाईत झाली असती, पण हा माणूस एकाच कड्यावर डोकं आपटत राहिला. सातोंच्या मुख्यालयावर बॉम्ब टाकू नका, ते आपल्याला मदतच करताहेत, असं आपण विमानदलाला सांगितल्याचाही किस्सा त्यांनी रंगवला आहे. मुतागुचींच्या मते सातोंच्या आज्ञाभंगामुळेच मोहीम बुडाली. आणि ३१ व्या डिव्हिजनमधून जिवंत परतलेल्या सैनिकांनी मात्सुयामामध्ये सातोंचं स्मारक उभारलं, कारण त्यांच्यामुळे आपण घरी पोहोचलो असं त्यांना वाटत होतं.

यातलं मधलं काहीतरी पकडून ‘सातो हे वादग्रस्त व्यक्तिमत्त्व होते’ असं लिहिणं म्हणजे तटस्थता नव्हे, आळस आहे. स्लिम एप्रिलचे सातो पाहत होते, सैनिक जूनचे. दोन्ही खरे असू शकतात: चढाईत चाकोरी न सोडणारा माणूस माघारीत धीट निघाला. मुतागुचींच्या म्हणण्याला मात्र मी तेवढं वजन देणार नाही. दिमापूर घ्यायला त्यांना वरून मंजुरी नव्हती, त्यांचा तसा आदेश कावाबेंनीच मोडीत काढला होता. आणि या दोघांचं १९३० च्या दशकातल्या लष्करी गटबाजीपासून वाकडं होतं.

पुढचंही महत्त्वाचं आहे. सातोंना लष्करी न्यायालयात उभं राहायचं होतं, म्हणजे सगळं बोलता आलं असतं. त्याऐवजी डॉक्टरांकडून त्यांना मानसिकदृष्ट्या अस्थिर ठरवण्यात आलं आणि खटला टळला. ज्या खटल्यात रसदीची कागदपत्रं पुढे आली असती तो झालाच नाही, म्हणून आज आपण आठवणींवर वाद घालत बसलो आहोत.

म्हणजे सगळा दोष मुतागुचींचाच?

आजच्या जपानमध्ये ‘इम्फाळ’ म्हणजे वेडेपणाने रेटलेली योजना, असं समीकरणच आहे, आणि तिचा चेहरा मुतागुची. त्यांच्या तिन्ही डिव्हिजनचे प्रमुख, यानागिदा, यामाउची आणि सातो, मोहीम चालू असतानाच बदलले गेले. असं क्वचितच कुठल्या सैन्यात झालं असेल. पण एका माणसावर सगळं टाकलं की बाकीचे सुटतात. विरोध करणाऱ्या ओबातांना (मुतागुचींचे चीफ ऑफ स्टाफ) पदावरून काढलं गेलं, त्याहून वरच्या दक्षिण आर्मीच्या मुख्यालयातल्या इनादांची बदली झाली. कावाबेंनी जुन्या ओळखीपोटी मुतागुचींना आवरलं नाही. पॅसिफिकमध्ये मार खाणाऱ्या पंतप्रधान तोजोंना कुठेतरी विजय हवा होता. वर सह्या करणाऱ्यांची ही साखळी ज्या लेखात नसते तो लेख मला अपुरा वाटतो.

मुतागुची युद्धानंतर बरीच वर्षं खाली मान घालून राहिले. १९६० च्या दशकात एका ब्रिटिश अधिकाऱ्याचं पत्र आलं, त्यात दिमापूर घेता आलं असतं अशा अर्थाचं काही होतं. तेव्हापासून १९६६ मध्ये मरेपर्यंत ते आपलं बरोबर होतं हे पटवत राहिले.

तटस्थ लिहायचं म्हणजे जपानी अत्याचार वगळायचे का?

नाही. ७ फेब्रुवारी १९४४ ला आराकानमध्ये सिंझवेयाच्या ‘अॅडमिन बॉक्स’मधलं (वेढ्यात सापडलेला ब्रिटिश-भारतीय तळ) इस्पितळ जपान्यांच्या ताब्यात गेलं आणि तिथल्या तीसहून अधिक रुग्णांना आणि डॉक्टरांना मारण्यात आलं. हे जसं घडलं तसं लिहायचं: कुठे, कधी, कोणी, कोणाला. ‘क्रूरकर्मा’, ‘नरराक्षस’ ही विशेषणं काढून टाकली तरी वाक्याची धार जात नाही. जखमी जपानी सैनिकांना कैद करण्याऐवजी जागीच संपवल्याचं ब्रिटिश आणि भारतीय बाजूच्या आठवणींतही आहे, तेही लिहायचं. मात्र एकाने दुसऱ्याची फेड होते अशा थाटात नको.

मराठीत आणखी एक सापळा आहे. ‘स्लिम म्हणाले’ आणि त्याच परिच्छेदात ‘मुतागुची म्हणाला’. लिहिणाऱ्याच्या लक्षातही येत नाही, वाचणाऱ्याला मात्र बाजू कळते. आदरार्थी लावायचं तर दोघांना, नाहीतर कोणालाच नाही.

आझाद हिंद फौजेबद्दल कसं लिहावं? भावना दुखावतात.

दुखावतात, म्हणूनच तपशील पक्के हवेत. फौजेची पहिली डिव्हिजन मोहंमद झमान कियानी यांच्या नेतृत्वाखाली होती. या मोहिमेत साधारण ६,००० जवान उतरले. जपानी सैन्याच्या तुलनेत हा भाग लहान होता, आणि मुतागुचींच्या योजनेत त्यांना मोठी लढाऊ भूमिका नव्हती. शाहनवाझ खान यांच्या सुभाष ब्रिगेडला तर चिन टेकड्यांत रस्ते राखण्याच्या कामाला लावल्याची तक्रार होती. ब्रिटिश गुप्तवार्ता खात्याच्या हिशेबाने त्यातले लढाईत सुमारे ४००, तर रोग आणि उपासमारीने सुमारे १,५०० मेले. हा हिशेब प्रतिपक्षाचा आहे, हेही सोबत सांगावं. भुकेने मेलेला माणूस कमी हुतात्मा असं कोणाला वाटत असेल तर ती अडचण वाचणाऱ्याची.

मणिपूरमधल्या मोइरांगला १४ एप्रिल १९४४ रोजी शौकत मलिक यांनी तिरंगा फडकवला. ‘भारतभूमीवर पहिल्यांदा’ असं लिहिताना लक्षात ठेवा की पोर्ट ब्लेअरला ३० डिसेंबर १९४३ ला सुभाषबाबूंनी तो आधीच फडकवला होता. मोइरांगचा मान मुख्य भूमीवरचा. आणि अंदमानबद्दल लिहायचंच तर पुढचा महिनाही लिहा. बेटं कागदावर आझाद हिंद सरकारकडे दिली होती, सत्ता जपानी नौदलाकडेच होती. ३० जानेवारी १९४४ ला हम्फ्रीगंज इथे हेरगिरीच्या आरोपावरून ४४ भारतीयांना गोळ्या घातल्या गेल्या. त्यांत आझाद हिंद चळवळीतल्या इंडियन इंडिपेंडन्स लीगचीच माणसं होती. या दोन तारखांत एक महिना आहे. एक सांगून दुसरी गाळणारे लेख मी बरेच पाहिले आहेत.

ब्रिटिशांच्या कागदांत फौजेला ‘जिफ’ म्हटलेलं आढळतं, जपान्यांचे हस्तक अशा अर्थाने. हा प्रचाराचा भाग होता. अवतरणात ठेवायला हरकत नाही, आपल्या वाक्यात नको.

यात मराठी माणसाचा काही संबंध आहे का, की ओढूनताणून आणायचा?

ओढायची गरज नाही. मार्चमध्ये उख्रुलजवळच्या सांगशाक या तांगखुल नागांच्या गावात ५० वी भारतीय पॅराशूट ब्रिगेड जपानी ५८ व्या रेजिमेंटच्या वाटेत आली. तिच्यासोबत ५ व्या मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी पलटण होती. काटेरी तार नाही, पाणी नाही, खाली कातळ म्हणून खंदक गुडघाभर. विमानातून टाकलेली बरीच रसद जपान्यांकडेच पडली. २२ ते २६ मार्च ही माणसं तिथे टिकली, मग रात्री बाहेर पडली. एका मृत जपानी अधिकाऱ्याकडचा नकाशा त्यांच्या हाती लागला. त्यात कोहिमावरच्या चालीचा आराखडा होता.

सुरुवातीच्या ब्रिटिश वर्णनांत ही झुंज बाजूला पडली, कारण ब्रिगेड फुटली होती आणि ब्रिगेडियर होप-थॉमसन यांना पदावरून दूर केलं होतं. जपानी बाजूच्या आठवणींत मात्र सांगशाक ठळक आहे: इथे वेळ गेला, माणसं गेली, कोहिमाला उशीर झाला. शत्रूच्या वहीतून आपल्या बाजूचं श्रेय सापडावं, असं इतिहासात वरचेवर होतं, पण त्यासाठी ती वही उघडावी लागते.

आणि पलीकडच्या बाजूलाही मराठी माणूस होता. सावंतवाडीकडचे जगन्नाथराव भोसले आझाद हिंद फौजेत अगदी वरच्या पदावर होते. स्वातंत्र्यानंतर ते केंद्रात पुनर्वसन खात्याचे उपमंत्री झाले. तेव्हा ‘आपले मराठे कोणत्या बाजूने लढले?’ याचं उत्तर दोन्ही, असं आहे.

‘ब्रिटनची सर्वांत महान लढाई’ हा किताब खरा आहे का?

२०१३ मध्ये लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये झालेल्या मतदानात इम्फाळ–कोहिमाला तो मिळाला. म्हणजे तो एका कार्यक्रमाचा कौल आहे, इतिहासकारांचा निष्कर्ष नव्हे. लढणाऱ्यांत ब्रिटनचे किती आणि भारत-नेपाळचे किती हे पाहिलं की ‘ब्रिटनची’ हा भागही विचार करण्यासारखा ठरतो.

मणिपूर आणि नागा टेकड्यांतले लोक या कथेत कुठे असतात?

बहुतेक वेळा ओझी वाहताना. ‘निष्ठावान नागा’ ही ब्रिटिश आठवणींतली ठरलेली मूर्ती: जखमींना खांद्यावरून नेणारा, जपान्यांची खबर आणणारा. हे घडलं, पुष्कळ घडलं. पण ए. झेड. फिझो ब्रह्मदेशात जपानी आणि आझाद हिंद फौजेच्या बाजूला होते. कुकी आणि मैतेई समाजांतलेही काही जण तिकडे गेले, काही इकडे राहिले. कुठल्याही एका जमातीवर एकच शिक्का मारला की हमखास चूक होते, आणि आजच्या मणिपूरमध्ये अशा शिक्क्यांचे परिणाम पुस्तकापुरते राहत नाहीत. इम्फाळवर पहिले जपानी बॉम्ब मे १९४२ मध्येच पडले होते. कोहिमा गाव तर लढाईत जमीनदोस्त झालं, आणि ते पाडण्यात दोन्हीकडच्या तोफा होत्या.

इम्फाळजवळच्या रेड हिलच्या पायथ्याशी २०१९ मध्ये शांतता संग्रहालय उघडलं. शेजारीच १९९० च्या दशकातलं जपानी स्मारक आहे. जाणार असाल तर स्थानिक लोकांच्या आठवणींचा भाग घाईत उरकू नका.

कोहिमाच्या शिळेवरच्या त्या प्रसिद्ध ओळी तिथल्याच सैनिकाने लिहिल्या का?

नाही. ‘तुमच्या उद्यासाठी आम्ही आमचा आज दिला’ या अर्थाच्या त्या ओळी पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या आहेत. नंतर ब्रिटिश दुसऱ्या डिव्हिजनच्या स्मारकावर त्या कोरल्या गेल्या.

आमच्या घरातले एक जण या लढाईत गेले असं ऐकलंय. माहिती कुठे मिळेल?

राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावर नावाने शोधा. कोहिमाच्या दफनभूमीत १,४२० कबरी आहेत आणि दहन झालेल्या ९१७ हिंदू व शीख सैनिकांची नावं वेगळ्या स्मारकावर आहेत. इम्फाळला दोन दफनभूमी आहेत. ज्यांचा ठावठिकाणा लागला नाही अशा सुमारे २७,००० जणांची नावं रंगूनजवळ तौकच्यानच्या स्मारकावर आहेत, आणि मराठी नावं तिथे खूप सापडतात. आडनाव असेलच असं नाही, आणि रोमन लिपीतलं स्पेलिंग पलटणीच्या कारकुनाच्या कानाला जसं ऐकू आलं तसं असतं. म्हणून नावापेक्षा ‘5th Mahratta’, म्हणजे आपण जिला पाचवी मराठा म्हणतो त्या रेजिमेंटच्या यादीतून, वडिलांचं नाव आणि गाव-तालुका पाहत जा, बऱ्याच नोंदींत हे दोन्ही दिलेलं असतं. घरात जुनं पेन्शनचं पुस्तक किंवा पदक असेल तर पुस्तकातला किंवा पदकाच्या कडेवर कोरलेला सैनिक क्रमांक आधी उतरवून घ्या, कारण एका पलटणीत एकाच नावाचे चार-पाच जण सहज सापडतात.